सुधारणेला वाव

“हात आवर! तो चेंडू तुझा नाही!”

मास्तरांचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो लग्न नवं असताना, सरावाच्या जाळीबाहेर डबा घेऊन उभी असताना. गोलंदाज तावातावानं धावत यायचा, चेंडू टाकायचा, आणि आमचे हे बॅट खांद्यावर नेऊन त्याला जाऊ द्यायचे. चुकीच्या घराची बेल वाजवलेल्या पाहुण्याला आपण नम्रपणे शेजारचं दार दाखवतो ना, तसं. एकदाच यांचा हात पुढे गेला, तर मास्तर केवढ्यानं ओरडले! मला वाटलं, इतकं नेमकं वाक्य आपण प्रवचनातसुद्धा ऐकलं नाही. मी स्वतः रोज काही ना काही सोडते. कधी साखर, कधी आवडीची खुर्ची, आणि सकाळी दहापर्यंत बोलणं सोडणं तर नेहमीचंच. त्यामुळे समोर आलेलं सोडायला काय लागतं, याची मला थोडी कल्पना आहे.

मास्तर गेले. मागे त्यांचे दोनच शिष्य त्यांचं शिकवणं जसंच्या तसं जपून राहिले. एक आमचे हे, जे थोडे कसोटी सामने खेळले आणि मग विसरले गेले. दुसरा माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. धाव काढताना समोरच्याला तो इतक्यांदा ‘थांब, थांब’ ओरडतो की सगळी मैदानं त्याला थांब्या म्हणतात. विमा कंपनीत नोकरी करतो, रजा काढून सलामीला खेळतो, आणि एकदा आत गेला की त्याला बाहेर काढणं म्हणजे घट्ट झाकणाची बरणी उघडण्यासारखं आहे.

गेल्या वर्षी हे राष्ट्रीय निवडसमितीवर गेले. मी ताईला फोन केला.

“अभिनंदन,” ताई म्हणाली. “लोकांची घरं वशिल्यावर चालतात. आमचं आता वशिल्यामुळे बंद पडणार.”

ताई तोंडाची तिखट आहे, पण तिचं खोटं क्वचितच ठरतं.

आपल्या कसोटी संघाबद्दल वाईट बोलायचं नाही असं मी ठरवलं आहे. म्हणून फक्त काय व्हायचं ते सांगते. आमचा संघ परदेशी गेला, की ऑफस्टंपबाहेर दूरवर चाललेला चेंडू दिसला रे दिसला, एकेक जण बॅट घेऊन त्याच्या मागे जायचा, जशी काही त्याची ओळख आहे. मग स्लिपमध्ये झेल. मग पुढचा. त्याची तीच ओळख. तिकडचे मैदानवाले म्हणे आमच्या संघासाठी चौथ्या दिवसाचं जेवण मागवणं केव्हाच बंद करून बसलेत. शेवटच्या दौऱ्यानंतर मंडळानं जाडजूड अहवाल मागवला, आणि त्यातून एक थोर सत्य बाहेर पडलं. कसोटीत चेंडू सोडता यावा लागतो.

झालं. सोडणारा फलंदाज शोधा.

समितीच्या बैठका आमच्या जेवणाच्या टेबलावर भरत. मंडळाच्या कार्यालयाची सजावट चालली होती, आणि अध्यक्ष आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहतात. त्यांच्या घरी नातवंडांपुढे त्यांचं काही चालत नाही. अध्यक्ष म्हणजे जुने वेगवान गोलंदाज. बोलताना अजूनही समोरचा माणूस वीस पावलांवर उभा असल्यासारखं बोलतात. दुसरे, फलंदाज-विकास विभागाचे प्रमुख. ‘मी फलंदाज निवडत नाही, घडवतो,’ असं ते एकदा मुलाखतीत म्हणाले, तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव शिल्पकार. तिसरे आमचे हे. आणि एक विश्लेषक मुलगी, संगणकासकट. तिला मत नव्हतं, फक्त काम होतं.

नियम असा, की नातेवाइकाचा विषय निघाला तर त्या सदस्यानं खोली सोडायची. थांब्याचं नाव आलं की हे मुकाट्यानं उठून स्वयंपाकघरात माझ्याशेजारी येऊन उभे राहत. तिथे टेबलावरचं अक्षर न् अक्षर ऐकू येतं. पण नियमात खोली लिहिलेली आहे, भिंतीची जाडी लिहिलेली नाही.

पहिल्याच बैठकीत मुलीनं थांब्याच्या एका डावाची चित्रफीत लावली. अध्यक्षांनी चहाचा पहिला घोट घेतला तेव्हा ती सुरू झाली आणि दुसऱ्या घोटाला संपली.

“हे काय? हा दिवसभर खेळला ना?”

“हो सर. दिवसभर. नाबाद.”

“मग दिवसभर करत काय होता?”

“काही नाही सर. म्हणजे, चेंडू सोडत होता.”

“अगं, तेच तर बघायचंय! दाखव की.”

“ते कापलंय सर.”

“कुणी?”

“संगणक कापतो. बॅट लागली नाही की तो रिकामा चेंडू. तुम्हीच म्हणाला होता, समितीचा वेळ फुकट जातो.”

म्हणजे दौरा संपल्यापासून ही मंडळी सोडणाऱ्याला शोधत होती, आणि बघत होती त्या फिती, ज्यांतून सोडणं तेवढं काळजीपूर्वक काढून टाकलेलं. अबोल माणूस हुडकायला गाण्याच्या मैफलीत जाऊन बसावं, तसं. स्वयंपाकघरात यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं मौन होतं. मी वाटाणे सोलत राहिले, पण एक शेंग जरा जोरात फुटली.

“मूळ चित्रीकरण आहे का?” अध्यक्षांनी विचारलं.

“शोधावं लागेल सर.”

“शोध. अख्खा दिवस बघू.”

“बघू की,” शिल्पकार म्हणाले, “पण आधी त्याला माझ्या शिबिरात पाठवा. कच्चा माल बघून काय करायचं? आधी घडवतो, मग बघा.”

तर थांब्या शिबिराला गेला. तिथे ‘हेतू’ शिकवतात. फलंदाजाच्या प्रत्येक हालचालीत हेतू दिसला पाहिजे. सकाळी हेतूचा व्यायाम, दुपारी हेतूवर व्याख्यान, संध्याकाळी हेतूपूर्वक पोहणं. शिल्पकारांनी त्याची बॅट धरण्याची पद्धत बदलली, उभं राहणं बदललं, शिरस्त्राणाचा पट्टासुद्धा बदलायला लावला. थांब्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि घरी येऊन पूर्वी खेळायचा तसाच खेळू लागला.

“काय शिकवलं रे?” मी विचारलं.

“चांगलं होतं, मावशी,” तो म्हणाला. “पण बरंच बाहेरून जात होतं.”

त्या रविवारी आम्ही ताईकडे जेवायला गेलो होतो. पानं उचलली गेली तरी थांब्या टेबलाशीच बसून राहिला. तो मुळातच कमी बोलतो. त्या दिवशी बोलला.

“काका, या दौऱ्याला नाही, तर मग नाही. पुढच्या दौऱ्यापर्यंत मी चौतिशीत असेन. चौतिशीतला नवा माणूस कुणी घेत नाही.”

“हं,” हे म्हणाले.

“तुम्ही माझ्यासाठी काही बोलू नका. शपथ आहे. तुमच्या शब्दावर आत गेलो ना, तर मी शतक केलं तरी ते तुमच्या नावावर जाईल, आणि शून्यावर गेलो तर दोघांच्या.”

“आणि ह्यांनी बोलायचं ठरवलं तरी बोलतील कुठे?” ताई भांडी आवरता आवरता म्हणाली. “हिच्या स्वयंपाकघरात? ही बाई तर दहापर्यंत ओठ उघडत नाही. छान जोडी जमवलीस, देवा!”

“आई, थांब जरा.” थांब्यानं बोटानं टेबलावरचा एक कण बाजूला सारला. “एकच मागतो, काका. मागच्या वेळी नाव नाही हे मला टीव्हीवर कळलं. खेळायला जायचं म्हणून पॅड बांधून बसलो होतो. सगळी पोरं आधी पडद्याकडे बघायला लागली, मग माझ्याकडे. एकानं तर टीव्हीचा आवाज कमी केला. तेवढ्यात आमची विकेट पडली आणि मी तसाच आत गेलो. पहिला चेंडू मला दिसलाच नाही. या वेळी काय असेल ते असो, पण मला माणसाच्या तोंडून कळू दे.”

“मी येऊन सांगेन,” हे म्हणाले. “फोनवर नाही. येऊन.”

“खेळत असलो तर?”

“असलास तर आत जायच्या आधी.”

ताईनं भांड्यांचा आवाज थांबवला होता. मग ती म्हणाली, “आणखी वाढू का कुणाला?” पानं केव्हाच उचलली होती.

पुढच्या बैठकीला मुलीनं कुठल्या कुठल्या कपाटांतून मूळ चित्रीकरण आणलं. अख्खा दिवस. शिल्पकारांनी आधीच घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. हे उठून माझ्याकडे आले.

सुरुवातीला घरात फक्त यष्टिरक्षकाच्या हातमोज्यांचा आवाज होता. थप. मग बराच वेळ काही नाही. गोलंदाज परत जातो, चेंडू पॅंटवर घासतो, वळतो, धावत येतो. थांब्याचा मागचा पाय आडवा जातो, बॅट वर जाते. थप. शिल्पकार फोन चाळू लागले. मुलीनं एक बिस्किट चहात बुडवलं आणि विसरली, ते गळून पडलं.

मग हळूहळू अध्यक्षांचा उजवा खांदा हलायला लागला.

“अजून थोडा बाहेर टाक,” ते पडद्याला म्हणाले. थप. “हां. परत तिथेच. परत. याला जरा सवय लागू दे.” थप. थप. “आता! आता आत आण!”

पडद्यावरच्या गोलंदाजानं खरंच चेंडू आत आणला. आणि थांब्यानं बॅट खाली आणून तो पायाशी अडवून ठेवला, दाराची कडी लावावी इतक्या शांतपणे.

“याला कळलं कसं?” अध्यक्ष उठून उभे राहिले. “कळलं कसं याला? हात तर तसाच होता!”

“सर, बसा,” मुलगी म्हणाली.

“बसतो कसला! अरे खेळ ना रे मेल्या! आम्ही काय इथे हमाली करायला येतो?”

स्वयंपाकघरात यांच्या हातात माझं उलथनं होतं, आणि प्रत्येक चेंडूला ते अलगद खांद्यावर जात होतं. माझी भाजी करपली. मी काही म्हटलं नाही. दहा वाजून गेले होते तरी म्हटलं नाही.

चहाच्या सुट्टीचा भाग आला तोवर अध्यक्षांच्या शर्टाला घाम आला होता. ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

“वहिनी, तुमच्या भाच्यानं मला आज दमवलं हो. मी नुसता खुर्चीत बसलोय! माझ्या वेळी हा समोर असता ना, तर मी शिक्षक झालो असतो.” मग नियम आठवून त्यांनी यांच्याकडे न बघता, फ्रिजकडे बघत म्हटलं, “हाच माणूस पाहिजे आपल्याला.”

त्या रात्री हे दोन घास जास्त जेवले. मला कळलं. पण पदरात पडेपर्यंत बोलून दाखवू नये, म्हणून मी प्रार्थनेला बसले तेव्हा त्याचं नावही घेतलं नाही. देवाला नावं ठाऊक असतात. समितीसारखं त्याला दाखवावं लागत नाही.

अंतिम बैठक दुसऱ्या दिवशी सकाळीच होती. सलामीची एकच जागा उरली होती. थांब्याचं नाव निघालं, हे स्वयंपाकघरात आले.

“सर, भावनेत नको जायला,” शिल्पकार म्हणाले. त्यांचा आवाज मऊ आहे, गालिचासारखा. “आपलं धोरण काय? दौरा हा फलंदाज घडवण्यासाठी असतो. जो घडलेलाच आहे त्याला नेऊन आपण करणार काय?”

“खेळवणार.”

“ते झालंच. पण विकासाचं काय? गुण बघा. संयम, नऊ. तंत्र, नऊ. आणि सुधारणेला वाव...” ते थांबले. “शून्य.”

“शून्य? शून्य कसं?”

“काल तुम्ही दिवसभर बघितलंत. एक तरी चूक सापडली?”

“नाही.”

“मग? वाव कुठाय? मी त्याला शिबिरात नेऊन बघितलं सर. कुठे हातच घालता येत नाही. उलट फटाक्याचं बघा.”

फटाका म्हणजे दुसरा उमेदवार. मुलगा गुणी आहे, चौकार फार सुरेख मारतो, आणि चेंडू कुठे पडलाय ही बाब खाजगी असल्यासारखी मानतो.

“फटाक्याला सुधारणेचा वाव किती? दहापैकी दहा!” शिल्पकारांचा ऊर भरून आला. “त्याला ऑफस्टंप कुठे असतो तेच माहीत नाही. सर, वावच वाव आहे. त्यात वावाचे गुण दुप्पट धरतात, म्हणजे बेरजेत फटाका पुढे.”

“अहो, पण आपल्याला सोडणारा हवाय!”

“शिकवू की फटाक्याला. चेंडू सोडण्याचं खास शिबिर घेऊ. मी नावसुद्धा ठरवलंय.”

“शिकवणार कोण?”

शिल्पकारांनी गुणांचा कागद उलटून पाहिला.

“थांब्याला बोलवू,” शिल्पकार म्हणाले. “पाहुणा म्हणून.”

अध्यक्षांनी मत थांब्याला दिलं. शिल्पकारांनी फटाक्याला. एकास एक. अध्यक्षांचं निर्णायक मत अध्यक्षांनी स्वतःच गेल्या वर्षी पारदर्शकतेसाठी रद्द केलं होतं. त्या वेळी टाळ्या बऱ्याच पडल्या. बरोबरी झाली की गुण बघायचे, असाही नियम त्यांनीच घातलेला.

“सर,” मुलगी हळूच म्हणाली, “तिसरं मत स्वयंपाकघरात आहे.”

“ठाऊक आहे मला,” अध्यक्ष म्हणाले. “ते नियमानं स्वयंपाकघरात आहे.”

यांचा हात दाराच्या चौकटीवर होता. दोन पावलं टाकली असती तर खोली आली असती. हे माझ्याकडे बघत होते आणि मी काही बोलू शकत नव्हते. बोलू शकत असते तरी काय म्हटलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. माझं मौन दहाला सुटणारं होतं, यांचं कशानंच सुटणारं नव्हतं. ते भाच्याला दिलेलं होतं. चौकटीवरची बोटं पांढरी झाली आणि मग सैल पडली.

“फटाका,” टेबलावरून अध्यक्षांचा आवाज आला. पहिल्यांदाच तो माणूस अगदी जवळच्या माणसाशी बोलावं तसा बोलला होता. “लिही.”

थोड्या वेळानं मुलगी पाणी प्यायला आत आली. घड्याळात दहा वाजून गेले होते.

“काकू,” ती कुजबुजली, “संघ दुपारी मलाच ॲपवर टाकायचाय. थांब्यादादा आज कुठे खेळतोय?”

“डेअरीच्या मागच्या मैदानावर,” मी म्हणाले. त्या दिवशीचे माझे पहिले शब्द ते. “त्यांचा संघ अजून क्षेत्ररक्षण करतोय. उपाहारानंतर फलंदाजीला येईल.”

तिनं पेला विसळून पालथा घातला. यांच्याकडे न बघता म्हणाली, “माझं इंटरनेट कधी कधी फार हळू चालतं. उपाहार संपेपर्यंत तर चालतच नाही.”

यांनी मान तेवढी हलवली.

बाहेर शिबिराच्या नावावरून वाद रंगला होता. शिल्पकारांना नावात ‘त्याग’ हवा होता. अध्यक्ष म्हणत होते, काहीही ठेवा, मला विचारू नका. मी बाटलीत पाणी भरून यांच्या हातात दिलं. यांनी शर्ट बदलला, इस्त्रीचा घातला. वाईट बातमी द्यायला जाताना माणूस नीट दिसायला हवा, असं त्यांना वाटत असावं. स्वयंपाकघराचं मागचं दार जिन्यात उघडतं. बूट हातात घेऊन हे तिथून बाहेर पडले, आणि पहिल्या पायरीवर बसून नाड्या बांधू लागले. एक नाडी दोनदा सुटली.

“काय सांगाल त्याला?” मी विचारलं.

“जे झालं ते.”

“सगळं?”

“शून्यसुद्धा,” हे म्हणाले. “दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्याला वाटेल, आपल्यात काही कमी होतं.”

“वहिनी!” आतून अध्यक्षांनी हाक मारली. “कुठे गेले तुमचे हे? या म्हणावं आता, विषय संपला!”

“येतील,” मी म्हणाले.

हे उठले, कठड्याला धरून खाली उतरू लागले. मी आवाज न करता दार लोटून घेतलं.